कुलूप, तीस सेकंद

लोअर परळला अकराव्या मजल्यावर
काचेच्या खोलीत मी गोष्ट सांगत होते.
एक माणूस घराला कुलूप लावतो,
जिना उतरतो, दुसऱ्या वळणावर थांबतो,
परत वर येतो,
कुलूप एकदा ओढून बघतो.
बस्स. मग नाव, मग किंमत.

केनियाशेठनी चहात बुडवलेलं बिस्किट तुटलं.
ते चमच्याने काढत म्हणाले,
पण तो परत येतो कशाला?
आपलं कुलूप बोगस आहे का?

मी हसले. या धंद्यात हसणं बजेटमध्ये धरलेलं असतं.
म्हटलं, सर, माणसं असंच करतात,
आणि ओळखीचं काही दिसलं
की रिमोटवरचं बोट थांबतं.
खरं होतं हे. अर्धं.

तो माणूस म्हणजे अप्पा.
घोडपदेव, तिसरा मजला,
मनगटाच्या केसांत गोदीतल्या रंगाचे शिंतोडे.
सकाळी सहा चाळीसला कुलूप,
दुसऱ्या वळणावर थांबणं, परत वर.
आणि ओढून बघणं नाहीच खरं तर,
कुलपावर तळवा ठेवणं. मोजून एक श्वास.
आत आई असायची.
तिला आपलं घर कुठलं ते आठवेनासं झालं होतं.
एकदा भायखळ्याच्या भाजी मंडईत सापडली,
पदरात कुणाचीतरी वांगी,
नवऱ्याचं नाव विचारलं तर नुसती लाजत होती.

हे मी त्या खोलीत सांगितलं नाही.
तीस सेकंदांत आई बसत नाही.
साठचे पैसे त्यांच्याकडे नव्हते.

गोरेगावला चार नंबरच्या फ्लोअरवर
प्लायवूडचं दार उभं केलं.
मागे एक पंखा, वायरींचं वेटोळं
आणि डबा खात बसलेला रामआसरे.
बेहराम नटाला सांगत होता,
ओढ जोरात, खणखणीत, आवाज पाहिजे मला.
अकरा टेक झाले.
बाराव्याला नट थकला,
त्याचा हात नुसताच राहिला कुलपावर.
कट! काय करतोयस बाबा?
मी मॉनिटरसमोरून उठून पाणी प्यायला गेले.
ठेवला तो सातवा टेक.

मग मुलुंडच्या एका हॉलमध्ये बारा बायकांना दाखवली.
येण्याबद्दल प्रत्येकीला एक स्टीलचा डबा.
आवडली? आवडली.
नाव लक्षात राहिलं? नऊजणींच्या.
चेंदणीहून आलेल्या सुलक्षणा नाखवांनी
शाळेतल्यासारखा हात वर केला.
"घरात कोण आहे?"

कुणी नाही, मुलाखत घेणारा पोरगा म्हणाला,
तो कामाला चाललाय, म्हणून तर कुलूप.

"मग दाराकडं असा का बघतो?
रिकाम्या घराकडं कोणी असं बघत नाय."

बाकीच्या हसल्या. दोघी नाही हसल्या.

अहवालात शेवटून तिसरी ओळ:
घरात कोणी आहे का, याबाबत किरकोळ संभ्रम.
दीड सेकंद कापावा.
कापला.

अप्पा आता माझ्याकडे असतात, चेंबूरला.
रात्री साडेआठची मालिका चुकवत नाहीत.
मेलेल्या नवऱ्याच्या बायकोच्या दारावर थाप पडली,
कोण ते कळायच्या आत ब्रेक.
पहिलीच जाहिरात आमची.
त्यांनी पूर्ण बघितली. चष्मा काढून पुसला, परत घातला.
किती मिळाले, त्यांनी विचारलं.
मी आकडा सांगितला.
बरे आहेत, म्हणाले.
तेवढ्यात मालिका सुरू झाली,
दारात दूधवाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते पिशवी घेऊन निघाले.
मी जागीच होते, उठले नाही.
लॅचचा आवाज झाला.
लिफ्ट असून ते जिन्यानेच जातात.
चपला एक जिना उतरल्या, अर्धा आणखी,
मग थांबल्या.
मग वर येऊ लागल्या.

दाराच्या त्या बाजूला, मोजून एक श्वास,
काहीच वाजलं नाही.